टेक्स्ट गावाला निघालेला टँकर

ज्ञानेश्वरीनं आयुष्यातली पहिली मोजणी केली ती कुत्र्यासकट.

तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. तिचे वडील कारभारी मेंढरं घेऊन गोदाकाठानं हिंडायचे. दिवस कलला की मोकळ्या रानात जाळं उभं करून मेंढरांसाठी वाडगं करायचं. त्या जाळ्याला वाघूर म्हणतात. वाघुरीला एका अंगानं अरुंद तोंड ठेवायचं, त्यातून एकेक मेंढरू आत सोडायचं आणि सोडता सोडता मोजायचं, हा पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता. त्या दिवशी कारभारींच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, म्हणून मोजणीचा मान लेकीकडं आला. लेकीनं तो इतक्या निष्ठेनं पार पाडला की त्या तोंडातून जे जे आत गेलं ते ते तिनं मोजलं. शेवटी शेपूट हलवत काळू कुत्रं शिरलं, तेही मोजलं. आकडा अगदी बरोबर आला. बाप खूश, लेक खूश आणि काळूचं तर विचारूच नका. त्याला उभ्या जन्मात कुणी मेंढरांत धरलं नव्हतं.

सकाळी एक मेंढी ओरडून ओरडून रान डोक्यावर घेऊ लागली, तेव्हा कळलं की तिचं कोकरू मागं ओढ्यातच राहिलंय. कोकरू सापडलं, धडधाकट होतं, नशीब थोर. कारभारी लेकीला एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. कोकराच्या अंगावरचा चिखल पुसत एवढंच म्हणाले, "आकडा जुळला म्हंजी कळप जुळला असं नाय, बाई. आधी वळखायचं, मंग मोजायचं."

आई म्हाळसाबाईला मात्र एवढ्यावर गप्प बसणं जमणार होतं थोडंच! तिनं त्याच दिवशी लेकीचं नवं बारसं केलं, 'कुत्रंमोजी'. वाघूरवस्तीवर अजून तेच नाव चालतं. वाघूरवस्ती म्हणजे पैठणच्या अंगाला, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की माळावर लागणारी धनगरांची चार-दोन घरं. हिंडणाऱ्यांची बिऱ्हाडं कधीतरी तिथं टेकली ती टेकलीच.

पुढं कुत्रंमोजी वसतिगृहात राहून शिकली, कॉम्प्युटरची पदवी घेऊन बसली आणि त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नोकरीला लागली. उस्मानपुऱ्यात साडीला फॉल-पिको करणाऱ्या दुकानाच्या वर काकासाहेबांचं ऑफिस होतं: दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि एक माठ. काकासाहेब मालक, मनानं लोणी, पण घाबरायला लागले की अख्खा जिना घाबरायचा. दुसरा प्रोग्रामर राजकुमार. तो हुशार होता, हातानं चपळ होता आणि जिभेनं त्याहून चपळ. ज्ञानेश्वरीला तो 'मेंढरंवाल्या मॅडम' म्हणायचा. तीही त्याच्या डब्यातली खेकडा भजी न विचारता उचलायची, त्यामुळं हिशोब फिटत असे.

ही गोष्ट दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातली. पाऊस लागोपाठ रुसलेला. जायकवाडीत पाणी कमी आणि पाण्याच्या बातम्या जास्त. शहर मात्र कशाला थांबतंय! चिकलठाण्याकडं इमारतींवर इमारती उठत होत्या. त्यातल्या एकीचं नाव होतं 'लेक व्ह्यू'. तळं कुठं आहे ते बिल्डरलाही ठाऊक नव्हतं. पण गच्चीवरून खाली उभा टँकर स्वच्छ दिसायचा. कारभारी तिथंच वॉचमन होते. दुष्काळात बहुतेक मेंढरं विकावी लागली होती. उरलेली मोजकी घेऊन म्हाळसाबाई वस्तीवरच राहिली, "मी हितनं हलायची नाय," म्हणून. आणि इकडं कारभारी रोज सकाळी नळी धरून नव्या भिंतींना पाणी पाजत. सिमेंटला पाणी लागतंच, त्याला इलाज नाही. पण बायको हंडा घेऊन वाट बघतेय आणि आपण भिंतीची तहान भागवतोय, हे त्या माणसाला गोड लागत नव्हतं. ते नळी धरून भिंतीकडं न बघता भलतीकडंच बघत.

गावांना टँकर पुरवायचं काम टँकरमालकांच्या एका मंडळाकडं होतं आणि मंडळ म्हणजे सांडूभाऊ. चिकलठाण्याच्या मागं टँकर भरायची जागा होती, तिथल्या चहाच्या टपरीवर सांडूभाऊ दोन कानांना दोन मोबाइल लावून बसत. माणूस वाईट नव्हता. पण त्यांची पद्धत अशी की ज्याचा फोन आधी लागेल आणि ज्याचा आवाज मोठा असेल त्याचा टँकर आधी निघायचा. वाघूरवस्तीवर मोबाइलला रेंज नव्हती. फोन करायचा तर म्हाळसाबाईला टेकडी चढावी लागे. ती धापा टाकत वर पोचेपर्यंत सांडूभाऊंचे दोन्ही कान भरलेले असत. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकडी. सगळ्या गावांना टँकर जाऊन एखादा उरलाच तर वस्तीची पाळी.

"भाऊ, माझ्या आईचा नंबर कधी लागायचा?" असं ज्ञानेश्वरी विचारू शकली असती. पण तिला ते वशिल्यासारखं वाटलं. शिवाय टेकडी चढणाऱ्या अशा म्हाळसाबाया आणखीही असतीलच की. म्हणून तिनं वेगळाच उद्योग केला. काकासाहेबांच्या मागं लागून मंडळाकडून एक संधी मागून घेतली: गावांची यादी कॉम्प्युटरला द्यायची, कॉम्प्युटर प्रत्येक गावाला एक टँकर नेमून देईल आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर गावाचं नाव जाईल. आवाज लहान असो की मोठा. चोवीस गावं, चोवीस टँकर.

मंडळानं एका सकाळीपुरतं कबूल केलं. सांडूभाऊंनी अट घातली, "दुपारपतूर चोवीसच्या चोवीस गावांत पानी पोचलं तर तुमचा डब्बा खरा. एक बी गाव राह्यलं तर माझा फोन खरा. मंग पुन्यांदा ह्यो विषय काढायचा नाय. कबूल?"

"कबूल," ज्ञानेश्वरी म्हणाली. काकासाहेब माठातलं पाणी प्याले.

यादी एक्सएमएल नावाच्या लिपीत होती. भिण्यासारखं त्यात काही नाही. टोकदार कंसात गावाचं नाव लिहायचं, पुढच्या कंसात पुढच्या गावाचं, झालं. कॉम्प्युटर ती यादी वाचतो आणि जे जे सापडेल त्याचा एकेक मणी करून माळेत ओवतो. त्या मण्याला नोड म्हणायचं. कंसातलं गाव हा एक मणी. ज्ञानेश्वरीचा प्रोग्राम माळेतल्या प्रत्येक मण्याला एक टँकर देत सुटायचा. तपासून बघितला तेव्हा यादी सलग एका ओळीत होती, कंसाला कंस चिकटलेला. चोवीस मणी, चोवीस टँकर, सगळं ठाकठीक.

आदल्या दिवशी सांडूभाऊ ऑफिसात यादी बघायला आले. पडद्यावर डोळे बारीक करून म्हणाले, "ही काय यादी म्हनायची का मालगाडी? हिला कुठं स्टेशन हाय का नाय?"

वडीलधारा माणूस जिना चढून आलाय, त्याला वाचता येऊ नये हे ज्ञानेश्वरीला बरं वाटेना. तिनं एकेक गाव वेगळ्या ओळीवर घेतलं, प्रत्येकाच्या आधी थोडी मोकळी जागा सोडली, आणि जालना रस्त्याची गावं संपली तिथं त्यांच्या सोयीसाठी एक टीप घातली: 'सांडूभाऊ, इथून पुढं पैठण रस्ता'. एक्सएमएलमध्ये अशी टीप लिहायची खास सोय असते. ती माणसानं वाचायची असते, तिला कॉमेंट म्हणतात. आपलं नाव कॉम्प्युटरात बघून सांडूभाऊंच्या मिशा हलल्या. "बराबर हाय," म्हणून ते गेले आणि चहाचीही आठवण काढली नाही, यावरून त्यांचं समाधान ओळखावं.

यादीत शेवटचं नाव वाघूरवस्ती होतं. कुणी म्हणू नये की पोरीनं आपलं गाव वर घातलं, म्हणून तिनं ते स्वतःच्या हातानं तळाला ठेवलं होतं. ते तिचं गाव आहे हेही ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं.

प्रोग्राम तिनं पुन्हा चालवून पाहिला नाही. नुसत्या मोकळ्या जागाच तर सोडल्या होत्या. मोकळी जागा कधी कुणाच्या वाटेत येते का!

सकाळी चोवीस टँकर भरून रांगेत उभे राहिले. ज्ञानेश्वरीनं बटण दाबलं. चोवीस मोबाइल वाजले. आणि लगेच पंचविसावा वाजला, तो ज्ञानेश्वरीचा.

"ताई, मी मोतीराम बोलतोय. टँकरवाला मोतीराम. ह्ये टेक्स्ट गाव कुठं आलं ओ?"

"कुठलं गाव?"

"टेक्स्ट. आधी फुली-गोळ्याच्या खेळाची चौकट काढलीया आन् मंग टेक्स्ट. जालना रोडला का पैठन रोडला? मी ह्या रोडवर मिसरूड फुटायच्या आधीपासनं हाय, पर ह्ये नाव नाय ऐकलं. नवीन प्लॉटिंग पडलं का काय?"

तोवर तिकडं मोतीरामच्या मागून दुसऱ्याचा आवाज, "मला बी टेक्स्टच आलंय!" तिसऱ्याचा, "आपुन समदे एकाच गावाला? लगीनबिगीन हाय का तिथं?" मग एक पोक्त आवाज म्हणाला, "मला कॉमेंट आलंय. कॉमेंट बुद्रुक का खुर्द ते इचार की रं!"

मोतीराम पुढं म्हणाला, "मी निघू का, ताई? वाटंत इचारत इचारत जातो."

"निघू नका, मोतीरामभाऊ! कुणालाच निघू देऊ नका!"

काकासाहेब जिन्यावरून वर येत होते. त्यांनी एवढंच ऐकलं आणि अर्ध्या जिन्यातच बसले.

पडद्यावर बघताच ज्ञानेश्वरीला सगळं उमगलं. तिनं जी मोकळी जागा सोडली होती ती कॉम्प्युटरनं मोकळी धरलीच नव्हती. दोन कंसांमध्ये जे काही असेल, अक्षर असो की नुसता श्वास, त्याचाही तो मणी करतो आणि त्याला 'टेक्स्ट' म्हणतो. गाव आणि टेक्स्ट, गाव आणि टेक्स्ट, अशी माळ झाली होती. मधे सांडूभाऊंची टीप, तिचाही मणी. प्रोग्राम एकाही मण्याला 'तू कोण रे बाबा?' न विचारता टँकर वाटत सुटला. निम्मे टँकर पोकळीला गेले, एक सांडूभाऊंच्या मानापानाला गेला, आणि यादीच्या खालच्या अर्ध्या गावांपर्यंत टँकर उरलेच नाहीत.

फोनवर आता सांडूभाऊ होते. "ज्ञानेश्वरीबाई, तुमच्या टेक्स्ट गावात लोकसंख्या किती हाय? आमदाराला सांगून रस्ता करून घिऊ! सुरू करू का माझा फोन?"

"अजून दुपार झालेली नाही, भाऊ."

"ऊन बघा की जरा, कसं चढलंय. लोक हंडे घिऊन उभे हायेत."

ते खोटं नव्हतं. राजकुमारनं खुर्ची ओढली. थट्टा बाजूला ठेवून तो मदतीला लागला, हे सांगितलंच पाहिजे. "सोपं आहे," तो म्हणाला. "एक सोडून एक घे. टेक्स्ट सोड, गाव घे, टेक्स्ट सोड, गाव घे." बोलता बोलता त्यानं ते करूनही टाकलं. पडद्यावर नवी यादी आली. राजकुमारनं मोजली आणि टाळी वाजवली. "चोवीसला चोवीस! मॅडम, बटण दाबा."

काकासाहेब दारातून म्हणाले, "दाब, दाब! जुळलं ना? दाब!"

ज्ञानेश्वरीचं बोट बटणावर गेलं, आणि तिथंच थांबलं. चोवीसला चोवीस. आकडा बरोबर. तिच्या डोळ्यांपुढं आलं ते शेपूट हलवत वाघुरीत शिरणारं काळू कुत्रं.

तिनं आकडा सोडला आणि नावं वाचायला घेतली, वरून खाली, एकेकावर बोट ठेवून. जालना रस्त्याची गावं संपली आणि पैठण रस्त्याच्या तोंडाशी काळू बसला होता: कॉमेंट. टीपही एक सोडून एकच्या पाळीत अगदी चपखल बसली होती. तिनं एक टँकर खाल्ला, म्हणून तळाचं एक गाव यादीबाहेर पडलं होतं. तळाला कोण होतं ते तिला वाचायची गरज नव्हती.

"एकच राहतंय," राजकुमार म्हणाला. "ती कॉमेंट काढून टाक, चोवीस होतात. नाहीतर त्या एका वस्तीला सांडूभाऊ फोनवरून पाठवतील. कोण राहतं तिथं? चार घरं तर आहेत."

"त्यातल्या एका घरात माझी आई राहते."

राजकुमारनं कीबोर्ड तिच्याकडं सरकवला.

"कॉमेंट काढते मी," ज्ञानेश्वरी म्हणाली, "पण उद्या दुसरं कुणी टीप लिहील. परवा कुणी दोन गावं एकाच ओळीत चिकटवेल, की मग तुझं एक सोडून एक सगळं उलटं होईल. गावं सुटतील आणि पोकळ्या पाणी पितील. यादी कशी बी येऊ दे, राजकुमार. प्रोग्रामला वळखता आलं पाहिजे."

"अगं, पण वेळ!" काकासाहेब कळवळले.

"वेळ लागत नाही, सर. एक प्रश्न विचारायचा आहे फक्त."

आणि खरोखर तेवढंच होतं. प्रत्येक मण्याजवळ आपली जात सांगायची सोय असते: मी एलिमेंट, म्हणजे कंसातला खरा ऐवज; मी टेक्स्ट; मी कॉमेंट. विचारलं की तो सांगतो, न विचारता कसा सांगेल? ज्ञानेश्वरीनं माळेच्या तोंडाशी एक ओळ बसवली: तू एलिमेंट आहेस का? असशील तर टँकर घे. नसशील तर राम राम, पुढं चल.

फोनवर सांडूभाऊ वाट बघून कावले होते. "काय चाललंय काय तिकडं?"

"भाऊ, एक सांगा. तुमच्याकडं टँकर भरायला रांग लागते, तिच्यात मधे मधे कोण कोण असतं?"

"कोन म्हंजी? चहावाला असतो, पंक्चरवाला असतो, माझी मोटरसायकल असती."

"मग पाण्याची नळी कुणात घालता?"

"कुनात म्हंजी? टँकरात! पंक्चरवाल्याच्या तोंडात घालतो काय? तसा लई बोलतो त्यो, घालायला पायजेल."

"माझा प्रोग्राम सकाळी पंक्चरवाल्याच्याच तोंडात घालत होता. आता तो आधी बघतो, टँकर आहे का."

मग सांडूभाऊ म्हणाले, "मंग आधीच बघायला नको व्हय?"

"पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि तेवढ्या घाईतही तिनं यादीची मुद्दाम खोड काढून पाहिली. एक प्रत करून तिच्यात मोकळ्या जागा वाढवल्या, दोन गावं एका ओळीत कोंबली, एक टीप उगाच वाढवली. प्रोग्राम ढिम्म हलला नाही. त्यानं चोवीस गावं काढून दाखवली. तिनं नावं वाचली, राजकुमारनं मोठ्यानं ओ दिली, शाळेतल्या हजेरीसारखी. शेवटचं नाव वाघूरवस्ती. त्याला राजकुमार आणि काकासाहेब दोघंही एकदम "हजर!" म्हणाले.

बटण दाबलं. चोवीस मोबाइल वाजले. पंचविसावा वाजला नाही.

जरा वेळानं वाजला तो मोतीरामचा, आणि मागं इंजिनचा घरघराट. "ताई, मला वाघूरवस्ती आली! ही म्हाईत हाय मला. निघालो बी!"

मग जे झालं त्याला मिरवणूकच म्हणायचं. टँकरांची रांग हलली. काही जालना रस्त्याला लागले, बाकीचे पैठणकडं वळले. सांडूभाऊ टपरीवर उभे राहून प्रत्येकाला विचारत होते, "कुठं?" आणि प्रत्येक जण खऱ्याखुऱ्या गावाचं नाव सांगत होता. 'लेक व्ह्यू'च्या फाटकाशी कारभारी नळी धरून उभे होते. पैठणकडं जायला ती वाट आडवळणाची, पण मोतीरामला कुणीतरी सांगितलं होतं की तिथला वॉचमन वस्तीचाच आहे. त्यानं मुद्दाम वळसा घातला, टँकर हळू केला आणि काच खाली करून ओरडला, "मामा, तुमच्या वस्तीला चाललोय!" कारभारींना काय करावं सुचेना. हातात नळी होती, तीच वर करून त्यांनी टँकरवर पाण्याचा एक फवारा उडवला. अडवायला तिथं कुणी नव्हतं. वॉचमन तेच होते.

ऊन डोक्यावर यायच्या आत गावागावांचे निरोप आले. एकच बाकी होता. काकासाहेब माठाभोवती फेऱ्या घालत होते. सांडूभाऊ तर टपरी सोडून थेट ऑफिसात येऊन बसले होते. दोन्ही मोबाइल त्यांनी टेबलावर पालथे ठेवले होते.

मग फोन वाजला. आधी वारा ऐकू आला, मग धाप, मग मेंढरांचं बें बें, मग म्हाळसाबाई.

"ज्ञाने! आला गं बाई आला! भरून आला! टेकडीवरनं बघत्येय मी, खाली समदी हंडे घिऊन पळायलीत. मेंढरं त्या टँकरला चाटायलीत!"

"आई, तू खाली जा ना, तुझा हंडा?"

"लावलाय मी, पहिला नंबर हाय. तुला सांगाया वर आले. आता रोज येनार का ह्यो?"

ज्ञानेश्वरीनं सांडूभाऊंकडं बघितलं. सांडूभाऊ छताकडं बघत होते. मग त्यांनी पालथा मोबाइल उचलला, बंद केला, खिशात घातला आणि फोनच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाले, "येनार, वहिनी! आता टेकडी चढू नका!"

"ह्ये कोन बोललं?"

"सांडूभाऊ."

"आत्ता गं बाई! फोन लागला म्हनायचा ह्यांचा!" म्हाळसाबाईनं शेवटी टोला हाणलाच. "आन् ज्ञाने, नीट मोजलं होतंस ना? कुत्रं धरून का सोडून?"

"सोडून, आई. ह्या खेपेला सोडून."

प्रोग्राम पाऊस लागेपर्यंत रोज चालला. सांडूभाऊ रोज सकाळी यादी बघायला येऊ लागले आणि आता चहा घेऊन जाऊ लागले. एकदा राजकुमारनं साफसफाई करताना ती टीप पुसायला घेतली, तर त्यांनी त्याचा हातच धरला.

"ए बाबा, माझं नाव काढायचं नाय. मला टँकर नको, काय नको. पर पैठन रस्ता कुठनं सुरू होतो ते मानसाला कळाया नको व्हय?"

टीप राहिली. रोज सकाळी प्रोग्राम तिच्यापाशी यायचा, ओळख विचारायचा आणि राम राम घालून पुढं वाघूरवस्तीकडं जायचा.